सरपणाला विटाळ नाही

गावगाड्यात महाराचा हात पाण्याला लागला की पाणी बाटायचं. भाकरीला लागला की भाकरी बाटायची. देवळाच्या पायरीला लागला की आतला देव बाटायचा. आणि त्याच हातानं फोडलेलं लाकूड पाटलाच्या चुलीत जायचं, कुळकर्ण्याच्या चुलीत जायचं, लग्नाच्या मांडवामागं चुलाणावर चढलेल्या हंड्याखाली जायचं, तेव्हा मात्र काहीच बाटत नव्हतं. पुरण सोवळ्यातच शिजायचं. दोस्तहो, हा चमत्कार कसा काय व्हायचा, याचा कधी विचार केलाय?

शास्त्री-पंडितांकडं उत्तर तयार आहे. कोरड्याला विटाळ नाही, ओल्याला आहे. धान्य कोरडं, म्हणून चालतं. लाकूड कोरडं, म्हणून चालतं. वा रे शास्त्र! उन्हात दुपारभर कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या कपाळावरनं, हनुवटीवरनं जो घाम त्या ढलप्यांवर ठिबकत होता, तो काय कोरडा होता? ओली बाभूळ फोडताना हात चिकट होतात, फोड फुटून रक्त येतं, ते दांड्याला लागतं, लाकडाला लागतं. ते ओलं कुणाला दिसलं नाही. फार तर एखादा कर्मठ चार थेंब पाणी शिंपडणार आणि मोळी आत घेणार. पाणी शिंपडून लाकूड शुद्ध होतं, तर माणूस का होत नाही? कारण माणूस शुद्ध झाला तर उद्या लाकूड कोण फोडणार?

नीट बघा, विटाळाच्या ह्या भिंतीला गावभर भोकं होती. मांगानं वळलेला दोर विहिरीत उतरायचा, मांगाची घागर उतरायची नाही. ढोरानं कमावलेल्या, चांभारानं शिवलेल्या कातड्याची मोट पाण्यात बुडायची, चांभाराच्या पोराची ओंजळ बुडायची नाही. खळ्यावर राखणीला महार, पण वाड्याच्या ओसरीवर महार नाही. प्रत्येक भोक मोजून पाडलेलं. जिथं सवर्णाला फुकट हात पाहिजेत तिथं भोक, जिथं आपल्याला पाणी पाहिजे तिथं भिंत.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र घालून, मंत्र म्हणून तळं 'शुद्ध' करून घेतलं. सगळ्या देशाला ही गोष्ट माहीत आहे. पण महारानं फोडून दिलेल्या सरपणाच्या ढिगाभोवती गोमूत्राच्या घागरी घेऊन कुणी मंत्र म्हणत बसल्याचं ऐकलंय कुठं? तळ्यातनं पाणी घेणं म्हणजे आपण काहीतरी घेणं. सरपण फोडणं म्हणजे आपण काहीतरी देणं. घेतलं की विटाळ. दिलं की नाही. एवढंच ते शास्त्र.

म्हणून ह्या पानांवरनं आम्ही सांगतोय ते हे, की अस्पृश्यता ही नुसती डोक्यातली घाण नव्हती. ती फुकट राबवून घेण्याची पक्की सोय होती. घाण साबणानं जाते, भाषणानं जाते, सहभोजनानं जाते. सोय अशी जात नाही. सोय मोडावी लागते.

आता ज्या कामाला हजार वर्षं 'हलकं' म्हटलं, ते काम तरी काय होतं बघू. गॅसच्या शेगडीवरच्या चहावर वाढलेल्या आपल्या पोरांना ओंडका म्हणजे काय हे सांगावं लागेल, म्हणून सांगतो.

बाभूळ जड आणि चिवट. म्हणून तर शेतीची औतं, बैलगाडीच्या चाकाचे भाग तिचे करायचे. चिंच म्हणजे बाभळीची थोरली बहीण. तिच्या रेषा सरळ जातच नाहीत, एकमेकींत गुंततात. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो ह्याचसाठी. वर्षानुवर्षं सुऱ्याचे घाव खातो पण उकलत नाही. असलं लाकूड ताकदीनं फुटत नाही. तालमीतला आडदांड पैलवान आणून उभा करा. दहा घावांत कुऱ्हाड अडकेल, ओढता ओढता दांडा मोडेल, पैलवान घामाघूम होऊन खाली बसेल.

जाणता माणूस पहिला घाव घालण्याआधी ओंडक्याभोवती फिरतो. वाळताना टोकाला भेग कुठं पडली ते बघतो. पीळ कुठल्या अंगाला गेलाय ते बघतो. गाठ कुठं आहे ते बघतो. गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदीची मुळी. तिच्याभोवतीनं रेषा वळसा घालून जातात, म्हणून गाठीवर घाव घालायचा नसतो. एकदम मधोमधही घालायचा नसतो. कडेकडेनं ढलप्या उतरवत आत शिरायचं. मग भेगेत लोखंडी पाचर बसवायची, वरनं घणाचे ठोके. पहिली पाचर सैल पडली की पुढं दुसरी. दोन फाकी अलग झाल्या तरी मधले धागे एकमेकांना सोडत नाहीत, ते पात्यानं आडवे तोडायचे. शिवाय, जे लाकूड ओलं असताना कुऱ्हाड घेतं तेच वाळल्यावर लोखंड होतं. म्हणजे कुठलं लाकूड कधी फोडायचं हेसुद्धा ठाऊक पाहिजे.

हे ज्ञान आहे का नाही? कॉलेजातला मास्तर हेच फळ्यावर आकृती काढून शिकवील तर त्याला शास्त्र म्हणतील, त्यावर परीक्षा घेतील, पगार देतील. आपल्या आज्यानं तेच केलं तर त्याला म्हणाले महारकी. काम हलकं होतं म्हणून फुकट नव्हतं, दोस्तहो. फुकट होतं म्हणून हलकं ठरवलं. ज्याचे पैसे मोजावे लागत नाहीत त्याला जगात कुणी किंमत देत नाही.

'फुकट कसं? बलुतं मिळत होतं की!' असं म्हणणारे विद्वान अजून भेटतात. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. महारानं गावात काय काय करायचं, ते त्यात सांगितलंय. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं, दवंडी द्यायची, मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचं, मेलेली ढोरं ओढायची, लाकडं फोडायची. ह्याला कामाचे तास नाहीत. रात्र नाही, सण नाही, दुखणं नाही. आणि मोबदला काय? सुगीच्या वेळी खळ्यावर उभं राहायचं आणि कुणबी सूप हलवून देईल ते पदरात घ्यायचं. मालकाची मर्जी असेल तसं माप. ह्याला मजुरी म्हणायचं? मजुरी ठरवून घेतात. भीक देणारा ठरवतो.

बाबासाहेबांनी नेमकं हेच ओळखलं. १८७४ च्या वतन कायद्यानं महाराला सरकारचा आणि गावाचा जन्मजात हरकाम्या करून ठेवला होता. कामाला तो हजर नसला तर त्याच्या घरातलं दुसरं कुणी गेलं पाहिजे, बाप नसला तर बाई. एका माणसाच्या नावानं सगळं घर बांधलेलं. तो कायदा बदलायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. महाडनंतर एकच वर्षानं! एका हातानं पाण्याची लढाई, दुसऱ्या हातानं राबणुकीची. ते बिल पास झालं नाही. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं, तोवर बाबासाहेब गेलेले होते. पण आपण महाडची लढाई दर वर्षी साजरी करतो आणि वतनाची लढाई शाळेच्या पुस्तकातसुद्धा शोधावी लागते. का? कारण पाण्याच्या लढाईवर सवर्णालाही आता टाळी वाजवता येते. राबणुकीच्या लढाईवर टाळी वाजवायची तर खिशात हात घालावा लागतो.

आणि घरातलीही गोष्ट सांगून टाकू. वाड्यावर बाभळीचे ओंडके फोडून द्यायचे आणि महारवाड्यातल्या आपल्या चुलीत काय? तुराट्या, काटक्या, वेचलेल्या गोवऱ्या. ती मोळी कोण आणायचं? आई. डोक्यावर मोळी, काखेत पोर, पायात काटा. पुरुषाची कुऱ्हाड गावानं फुकट वापरली, बाईची मोळी आपण फुकट वापरली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर शेगडी आली. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की बाई पुन्हा फुंकणी घेऊन चुलीपुढं बसते, हे खेड्यात जाऊन कुणीही बघावं. विद्रोह चुलीपाशी येऊन थांबणार असेल तर तो कसला विद्रोह?

लाकूड फोडणाऱ्या माणसावर ह्या देशात एक मोठी गोष्ट लिहिली गेली. प्रेमचंदची 'सद्गती', १९३१ सालची. १९८१ साली सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी तिचा चित्रपट केला. ओम पुरीनं दुखी केला, स्मिता पाटीलनं त्याची बायको झुरिया, आपल्या मोहन आगाशांनी पंडित घासीराम. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी बघावा. दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला बामणाकडं जातो. बामण त्याला उपाशीपोटी झाडायला लावतो, सारवायला लावतो, भुसा वाहायला लावतो आणि शेवटी एक गाठाळ ओंडका दाखवतो, फोड म्हणून. दुखी गवत कापून विकणारा माणूस. लाकडाची त्याला सवय नाही. त्या गाठीवर त्याच्याआधीही कित्येक जण हरून गेलेत. चिलमीसाठी तो विस्तव मागतो तर बामणीण चिमट्यानं लांबूनच निखारा फेकते आणि तो त्याच्या डोक्यावर पडतो. लाकूड त्याच्या हातचं चालतं, पण त्याच लाकडाचा विस्तव त्याच्या हातात द्यायला चालत नाही! शेवटी ओंडका फुटतो आणि दुखीही तिथंच पडतो. मग त्याच्या प्रेताचा विटाळ. बामण पायाला दोराचा फास लावून ते ओढत गावाबाहेर नेऊन टाकतो.

ही गोष्ट वाचून सवर्ण वाचक रडतो. रडून हलका होतो आणि जेवायला बसतो. आपलीही पोरं चिडतात, की हा दुखी एवढा लाचार का, कुऱ्हाड हातात असून तो बामणावर का उगारत नाही? राग खरा आहे. पण दोघांचंही लक्ष दुखीवरच असतं. त्या गोष्टीतल्या गोंडाकडं कुणी बघत नाही.

तो गोंड दुखीला तंबाखू देतो. जेवलास का विचारतो. स्वतः कुऱ्हाड घेऊन ओंडक्यावर चालवून बघतो आणि सरळ सांगतो, हे तुझ्यानं फुटायचं नाही, जीव जाईल. लाकूड ओळखणारा तो एकच माणूस आहे त्या गोष्टीत. आणि दुखी मेल्यावर चांभारवाड्यात जाऊन, प्रेताला हात लावू नका, पोलीस येऊन तपास करतील, असं बजावणाराही तोच. चांभारवाडा प्रेत उचलायला जात नाही. बामणांची विहिरीची वाट अडते. म्हणजे संपच की हा! प्रेमचंदनं १९३१ साली संप लिहून ठेवलाय आणि आपण अजून दुखीसाठी रडतोय. ज्याला कामाची खरी जाण असते त्यालाच कळतं, की कुठं काम संपलं आणि कुठं खून सुरू झाला. आणि 'आता नाही' हा शब्दही त्याच्याच तोंडून निघतो.

म्हणून दोन्ही गोष्टींपासून सावध राहा. एक, लाज. शहरात आलेला आपला माणूस म्हणतो, आमच्या घरात असलं काही नव्हतं. आजोबांची कुऱ्हाड माळ्यावर टाकतो आणि दिवाणखान्यात शोकेस मांडतो. अरे, लाज तुला कशाची? लाज ज्यानं फुकट घेतलं त्याला वाटली पाहिजे.

दुसरी, आरती. १९३६ साली गांधींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा ते लिहिलं. भंगीकाम केवढं थोर! त्याच साली बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचं विध्वंसन' छापलं आणि सांगितलं, की जात ही श्रमाची वाटणी नाही, श्रमिकांची वाटणी आहे. घाण काढणं एवढं थोर असेल तर ते थोरपण जन्मानं आमच्याच गळ्यात का? कुऱ्हाडीला हळदकुंकू वाहून आम्हाला परत त्याच ओंडक्यापुढं उभं करायचं असेल, तर ती पूजा तुमच्या घरी करा. आपल्याला कामाची आरती नको आणि लाजही नको. आपल्याला तीन गोष्टी पाहिजेत. केलेल्या कामाचा दाम, त्यातल्या ज्ञानाचं नाव, आणि कुऱ्हाड खाली ठेवायचा हक्क.

हा हक्क कुणाकडं मागायला जायचं नाही. तो लिहिलेला आहे. घटनेचं कलम १७ आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, अस्पृश्यता नष्ट केली म्हणून. पण सहा कलमं पुढं जा. कलम २३. वेठबिगारीला आणि सक्तीच्या मजुरीला बंदी. बाबासाहेबांच्या घटनेत दोन्ही आहेत, कारण पाटलाच्या अंगणात दोन्ही एकत्र होती. पण आपल्या सभांमधून १७ येतं, २३ क्वचित येतं. सवर्णालाही १७ वर बोलायला आवडतं, 'आता कुठं राहिलंय तसं!' म्हणता येतं. २३ काढलं की गप्प बसतो.

आणि २३ चा अर्थ केवढा मोठा आहे ते ऐका. एशियाड खेळांच्या बांधकामावर मजुरांना कायद्यापेक्षा कमी मजुरी देत होते. त्या खटल्यात १९८२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणाला राबवून घेणं ही कलम २३ खाली सक्तीची मजुरीच आहे. पाठीवर चाबूक नको. पोटातली भूक ही सक्तीच. आणि हे कलम फक्त सरकारवर नाही, खाजगी मालकावरही चालतं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही दलित-आदिवासीला बिगारीला लावणं हा गुन्हा आहे. आपण तो कायदा शिवीगाळीसाठी वापरतो, जरूर वापरावा. बिगारीसाठी किती वेळा वापरला?

गावातलं लाकूड गेलं, गॅस आला म्हणजे सरपण संपलं असं समजू नका. शहरात डोळे उघडे ठेवून चाला. पार्सल स्वयंपाकघरापर्यंत जातं, ते घेऊन येणाऱ्या पोराला कित्येक सोसायट्यांमध्ये वेगळ्या लिफ्टनं जावं लागतं. पार्सलला विटाळ नाही! फ्लॅट झाडून पुसून देणारी बाई चालते, तिचा कप वेगळा. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा झाला, तरी माणसं गटारात उतरून मरतात आणि ती कुठल्या जातीची असतात ते मी सांगायला नको. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. मेल्यावर तीस लाख. जिवंतपणी किमान वेतन मिळत होतं का, ते विचारा. आणि हेही लक्षात ठेवा, की मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे सुमारे २,७०० कंत्राटी कामगार संघटना करून, वर्षानुवर्षं कोर्टात भांडून २०१७ साली कायम झाले. त्यांनी कुणाची दया मागितली नाही. हजेरीचे कागद मागितले, पगाराचा हिशोब मागितला.

शेवटी आपल्या घरच्या फुटीबद्दल. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण नेत्यांच्या नावानं आपण फार वापरली. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली निघाला आणि फुटत राहिला. पँथर १९७२ साली उभी राहिली आणि दोन वर्षांत फुटली. दरवेळी आपण दांड्याला शिव्या घातल्या. पण पाचर हाणणारा बाहेरच बसलेला असतो आणि तो आधी भेग बघतो, हे लाकूड फोडणाऱ्यांच्या पोरांना कुणी सांगायला पाहिजे का? आपल्यातली भेग कुठली? ज्याला नोकरी मिळाली आणि जो कंत्राटावर राबतो, ह्यांच्यातली. शहर आणि खेडं ह्यांच्यातली. महार, मांग, चांभार, मेहतर ह्यांच्यातली. ती भेग भाषणानं बुजत नाही. एकमेकांच्या पगाराच्या लढाईत उभं राहिलं तर बुजते.

तेव्हा पुढच्या १४ एप्रिलला मिरवणूक काढा, बँड लावा, सगळं करा. पण त्याआधी आपल्या वस्तीत एक वही घेऊन घरोघर फिरा. कोण कुठं राबतो, किती तास राबतो, हातात किती पडतात, किमान वेतन किती, फरक किती. लिहून काढा. झाडूवाली, गटारातला, सिक्युरिटीवाला, पार्सलवाला, सगळ्यांचं लिहा. ती वही घेऊन कामगार आयुक्ताच्या दारात जा. मागच्या पिढ्यांच्या सरपणाचा हिशोब कुणी ठेवला नाही, म्हणून तो बुडाला. हा बुडू द्यायचा नाही.